नफाकेंद्रित रुग्णालयांतील परिचारिकेची नैतिक कोंडी : नाशिकच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : खासगी वैद्यकीय सेवेतील गैरप्रकारांची चर्चा बहुधा डॉक्टर आणि रुग्ण या दोनच घटकांभोवती फिरते. प्रत्यक्षात रुग्णाच्या खाटेजवळ सर्वाधिक काळ असणारी व्यक्ती परिचारिका होय. नफा हेच उद्दिष्ट असलेल्या संस्थेत तिला जे नैतिक प्रश्न भेडसावतात, त्यांचे स्वरूप नाशिक शहर व जिल्ह्याच्या संदर्भात स्पष्ट करणे, त्यामागील कायदेशीर व आर्थिक कारणे तपासणे आणि काही व्यवहार्य उपाय सुचविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बीजसंज्ञा : परिचर्या, व्यावसायिक नीती, खासगी रुग्णालये, नैतिक क्लेश, रुग्णहक्क, नाशिक.

१. प्रस्तावना

आरोग्यसेवा ही सेवा आहे की व्यवसाय, हा वाद आता जुना झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. तेव्हापासून रुग्ण हा कायद्याच्या दृष्टीने ग्राहकही ठरला. या व्यवहारात विक्रेता कोण आणि ग्राहक कोण हे स्पष्ट आहे. मात्र ज्या हातांनी ही सेवा प्रत्यक्ष दिली जाते, त्या हातांचे स्थान कोणते, याचा विचार क्वचितच होतो.

परिचारिका संस्थेची वेतनधारी कर्मचारी असते, त्याच वेळी ती नोंदणीकृत व्यावसायिकही असते. पहिल्या नात्याने ती मालकाला बांधील आहे, तर दुसऱ्या नात्याने रुग्णाला. संस्थेचे हित आणि रुग्णाचे हित एकाच दिशेने जात असेल तोवर या दोन निष्ठांत विरोध उद्भवत नाही. ज्या दिवशी त्या दिशा भिन्न होतात, त्या दिवशी परिचारिकेची कोंडी होते. प्रस्तुत लेखात या कोंडीचाच विचार केला आहे.

२. संकल्पनेचे स्पष्टीकरण

पाश्चात्त्य देशांत या विषयाची चर्चा प्रामुख्याने ‘नर्स प्रॅक्टिशनर’ या पदासंदर्भात होते. अमेरिकेत १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड व हेन्री सिल्व्हर यांनी या स्वरूपाचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. तेथील नर्स प्रॅक्टिशनर रुग्ण तपासते, निदान करते आणि औषधेही लिहून देते. त्यामुळे नफाकेंद्रित दवाखान्यात दिवसाला किती रुग्ण पाहायचे, कोणत्या तपासण्या सांगायच्या याचा दबाव तिच्यावर थेट येतो.

भारतात हे पद अद्याप बाल्यावस्थेत आहे. भारतीय परिचर्या परिषदेने गेल्या दशकात अतिदक्षता परिचर्येसाठी नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ मध्ये मर्यादित अधिकारांच्या ‘सामुदायिक आरोग्य प्रदाता’ या वर्गाची तरतूद करण्यात आली. परंतु नाशिकसारख्या शहरातील सामान्य खासगी रुग्णालयात स्वतंत्र अधिकार असलेली नर्स प्रॅक्टिशनर आढळत नाही. तेथे असतात त्या तीन वर्षांचा जीएनएम अथवा चार वर्षांचा बी. एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या परिचारिका, दोन वर्षांचा एएनएम अभ्यासक्रम केलेल्या सहायक परिचारिका, आणि त्यांच्याच गणवेशात वावरणाऱ्या, कोणतेही औपचारिक शिक्षण नसलेल्या मुली. रुग्णाच्या लेखी या सर्वच ‘सिस्टर’ असतात.

येथे एक विसंगती लक्षात घेणे आवश्यक आहे. कायद्याने परिचारिकेला स्वतंत्र निर्णयाचा अधिकार अत्यल्प दिला आहे. व्यवहारात मात्र रात्रपाळीला डॉक्टर घरी असताना रुग्णाची अवस्था पाहणे, दूरध्वनीवरून सूचना घेणे आणि औषध देणे ही कामे तीच करते. म्हणजे नर्स प्रॅक्टिशनरची जबाबदारी तिच्याकडे आहे, पण त्या पदाचे प्रशिक्षण, अधिकार, वेतन व संरक्षण नाही. पाश्चात्त्य चर्चेतील प्रश्न आपल्याकडे अधिक तीव्र रूपात दिसतात, त्याचे मूळ या विसंगतीत आहे.

३. नाशिकचे वैद्यकीय क्षेत्र

नाशिकचे आरोग्यक्षेत्रातील स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय येथे आहे आणि राज्यातील परिचर्या महाविद्यालयांचा पदवी अभ्यासक्रम याच विद्यापीठाशी संलग्न आहे. म्हणजे परिचारिकेने काय शिकावे हे ज्या शहरात ठरते, त्याच शहरात तिने शिकलेल्या नीतीची कसोटीही लागते.

शहराभोवतीची वस्ती विविध आर्थिक स्तरांची आहे. सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहतींतील कामगार, निफाड-दिंडोरीकडील द्राक्ष व कांदा उत्पादक शेतकरी, सुरगाणा, पेठ व त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील आदिवासी कुटुंबे आणि धुळे, नंदुरबार, जळगावकडून येणारे रुग्ण असा हा समुदाय आहे. यातील अनेकांना वैद्यकीय बिलातील इंग्रजी नोंदी वाचता येत नाहीत. गंभीर आजारात जमीन गहाण टाकून अथवा उसनवारी करून पैसा उभा केला जातो. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून उचलला. हे प्रमाण २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होते. घट निश्चितच समाधानकारक आहे, तथापि रुग्णालयाच्या खिडकीवर रोख भरावी लागणारी रक्कम आजही कुटुंबाचे भवितव्य ठरवू शकते.

जिल्ह्यातील वैद्यकीय व्यवसायाचे आत्मपरीक्षण डॉक्टरांनी स्वतः केलेले आहे, हेही नमूद केले पाहिजे. लासलगाव येथे दीर्घकाळ स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केलेले डॉ. अरुण गद्रे यांनी पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेच्या वतीने देशातील ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या. त्यातून कट प्रॅक्टिस, अनावश्यक तपासण्या आणि कॉर्पोरेट रुग्णालयांतील उद्दिष्टांचा दबाव यांविषयीची साक्ष पुढे आली. डॉ. अभय शुक्ला यांच्या सहलेखनाने २०१६ मध्ये ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ही साक्ष मोलाची आहे, परंतु ती डॉक्टरांची आहे. त्याच कक्षात उभ्या असलेल्या परिचारिकेची साक्ष नोंदविण्याचे काम अद्याप व्हायचे आहे.

४. नैतिक प्रश्नांचे स्वरूप

नफाकेंद्रित संस्थेत परिचारिकेपुढे उभे राहणारे प्रश्न विवेचनाच्या सोयीसाठी पुढील चार प्रकारांत विभागता येतील.

(अ) साहित्याच्या नोंदी : सिरिंज, हातमोजे, सलाईनचे संच, कॅथेटर, ड्रेसिंगचे साहित्य यांची मागणी व नोंद परिचारिका करते. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांच्या बिलांचे विश्लेषण प्रसिद्ध केले, तेव्हा काही वस्तूंवरील नफा १७०० टक्क्यांहूनही अधिक असल्याचे आढळले. त्याआधी २०१७ मध्ये गुरुग्राम येथे डेंग्यूने दगावलेल्या सात वर्षांच्या मुलीच्या सुमारे १६ लाखांच्या बिलात शेकडो सिरिंज व दोन हजारांहून अधिक हातमोजे दाखविले गेल्याने देशभर संताप व्यक्त झाला होता. अशा बिलातील प्रत्येक ओळीमागे कक्षातील एक नोंद असते. न वापरलेली वस्तू वापरली असे लिहिणे, अथवा उरलेली औषधे औषध दुकानात परत न पाठविता दुसऱ्या रुग्णासाठी वापरून दोघांकडूनही पैसे घेणे, ही कृत्ये किरकोळ वाटतात. परंतु त्यांखाली स्वाक्षरी परिचारिकेची असते.

(आ) अनावश्यक उपचारांतील सहभाग : बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यासमोर आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे दिसले. प्रसूतीच्या बाबतीत राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशात खासगी संस्थांतील ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, तर सार्वजनिक संस्थांत हे प्रमाण १४.३ टक्के होते. या आकड्यांवरून कोणतीही एक शस्त्रक्रिया अनावश्यक होती असे सिद्ध होत नाही, आणि तसे ठरविण्याचा अधिकार परिचारिकेला नाही. मात्र वर्षानुवर्षे एकाच प्रसूतिगृहात काम करणाऱ्या अनुभवी परिचारिकेला प्रसूती नैसर्गिकरीत्या होण्याची चिन्हे ओळखता येतात. आपल्याला शंका आहे, पण शंका विचारण्याचा अधिकार नाही, ही अवस्था तिच्या वाट्याला येते.

(इ) संमती व माहिती : संमतिपत्रावर सही अथवा अंगठा घेण्याचे काम बहुधा परिचारिकेवर सोपविले जाते. शस्त्रक्रियेची माहिती, पर्याय, धोके आणि खर्च समजावून सांगणे हे डॉक्टरचे कर्तव्य असताना, छापील कागदावर सही घेऊन ते कर्तव्य पूर्ण झाल्याचे मानले जाते. सुरगाण्याहून आलेली, कोकणी बोलीत बोलणारी स्त्री इंग्रजी कागदावर अंगठा उमटविते, तेव्हा ती संमती नसून केवळ कागदाची पूर्तता असते. साक्षीदार म्हणून त्यावर सही करणाऱ्या परिचारिकेला हे ठाऊक असते.

(ई) अपुरे व अपात्र मनुष्यबळ : वेतनावरील खर्च वाचविण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पात्र परिचारिकांची संख्या कमी ठेवणे. परिणामी एका पात्र परिचारिकेच्या नोंदणीच्या आधारे अनेक अप्रशिक्षित मुली इंजेक्शने देतात, सलाईन लावतात, प्रसंगी अतिदक्षता विभागातही काम करतात. त्यांच्या चुकीचे उत्तरदायित्व कोणाचे, हा प्रश्न दुर्घटना घडेपर्यंत कोणी विचारत नाही.

५. आज्ञापालन आणि उत्तरदायित्व

‘डॉक्टरांनी सांगितले म्हणून केले’ हे उत्तर परिचारिकांकडून नेहमी ऐकू येते. नीतिशास्त्राच्या दृष्टीने ते अपुरे आहे. आंतरराष्ट्रीय परिचर्या परिषदेने १९५३ मध्ये प्रथम स्वीकारलेल्या व २०२१ मध्ये सुधारलेल्या नीतिसंहितेत परिचारिकेची प्राथमिक बांधिलकी परिचर्येची गरज असलेल्या व्यक्तीशी आहे, असे मानले आहे. भारतीय परिचर्या परिषदेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संहितेतही रुग्णाची प्रतिष्ठा, त्याचा माहितीचा हक्क व गोपनीयता यांना स्थान आहे. संस्था अथवा डॉक्टर हे या बांधिलकीचे पहिले धनी नाहीत.

कायद्याच्या दृष्टीनेही हे उत्तर टिकणारे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ या संदर्भात प्रत्येक परिचारिकेने जाणून घेण्यासारखे आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास या कलमान्वये पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना असे घडल्यास ही कमाल मर्यादा दोन वर्षांची आहे. परंतु या सवलतीसाठी केलेली व्याख्या वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेल्या डॉक्टरांपुरती आहे. परिचारिका तीत येत नाही. एकाच खाटेजवळ, एकाच सूचनेनुसार घडलेल्या चुकीसाठी सूचना देणाऱ्यापेक्षा ती पाळणारीला अधिक शिक्षेची शक्यता कायद्याने ठेवली आहे. दूरध्वनीवरील तोंडी सूचनेनुसार औषध देणाऱ्या परिचारिकेने लेखी नोंदीचा आग्रह का धरावा, याचे याहून स्पष्ट कारण देण्याची आवश्यकता नाही.

अर्थात, उत्तरदायित्वाचे मोजमाप अधिकाराच्या प्रमाणात व्हावे, हेही तितकेच खरे. योग्य काय हे माहीत असूनही संस्थात्मक अडथळ्यांमुळे तसे वागता न येणे, या अवस्थेस अमेरिकन तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये जी संज्ञा दिली, तिला मराठीत ‘नैतिक क्लेश’ म्हणता येईल. या संज्ञेचे महत्त्व असे की, ती दोषाचा संपूर्ण भार व्यक्तीच्या चारित्र्यावर टाकीत नाही. परिचारिका भित्री आहे म्हणून गप्प राहते असे नव्हे; बोलण्याची किंमत तिला एकटीलाच मोजावी लागते, म्हणून ती गप्प राहते.

६. वेतन आणि नैतिक स्वातंत्र्य

ही किंमत म्हणजे नोकरी होय. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर दिलेल्या निर्देशानुसार केंद्र शासनाने समिती नेमली. दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेचे वेतन राज्य शासनाच्या परिचारिकेइतके असावे, शंभर ते दोनशे खाटांच्या रुग्णालयात ते दहा टक्क्यांपेक्षा अधिक कमी नसावे, पन्नास ते शंभर खाटांच्या रुग्णालयात पंचवीस टक्क्यांपेक्षा अधिक कमी नसावे आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही ते दरमहा २०,००० रुपयांहून कमी नसावे, अशी शिफारस या समितीने केली. शिफारशीला कायद्याचे बळ राज्य शासनांनी द्यावयाचे होते. नाशिकमधील खासगी रुग्णालयांत लहान शुश्रूषागृहांचा वाटा मोठा असल्याने या शिफारशीतील शेवटची ओळ येथे विशेष महत्त्वाची ठरते.

वेतनाचा प्रश्न हा केवळ कामगारांच्या मागण्यांचा प्रश्न नसून तो नीतीचाही प्रश्न आहे. जिच्या पगारावर शैक्षणिक कर्जाचा हप्ता आणि गावाकडील कुटुंब अवलंबून आहे, जिची मूळ प्रमाणपत्रे संस्थेच्या कपाटात अडकून पडली आहेत, तिच्याकडून खोट्या नोंदीस नकार देण्याची अपेक्षा करणे सोपे आहे. तो नकार प्रत्यक्षात देणे सोपे नाही. सुरक्षित उपजीविका हा नैतिक स्वातंत्र्याचा पाया आहे.

७. दुसरी बाजू

नफा म्हणजेच अनीती असे समीकरण मांडणे अन्यायकारक ठरेल. जिल्ह्यातील अनेक छोटी रुग्णालये डॉक्टर दांपत्यांनी कर्ज काढून उभारली आहेत. यंत्रसामग्रीचे हप्ते, वीज, जागेचे दर आणि शासकीय योजनांची उशिरा मिळणारी देयके यांचा ताण खरा आहे. ग्रामीण भागात अपरात्री उपलब्ध असणारी सेवा पुष्कळदा याच रुग्णालयांनी दिली आहे. शिवाय नफ्याचा हेतू नसलेली संस्था निर्दोष असते असेही नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती होऊन पुरवठा खंडित झाला आणि २२ रुग्णांना प्राण गमवावे लागले. हे रुग्णालय सार्वजनिक होते.

तेव्हा आक्षेप नफा मिळविण्यास नाही. उपचाराचा निर्णय नफ्याच्या अधीन होण्यास आहे. रुग्णालय चालविण्यासाठी रास्त शुल्क घेणे आणि शुल्क वाढावे म्हणून रुग्णाला खाटेवर एक दिवस अधिक ठेवणे यांतील फरक सूक्ष्म नाही. परिचारिकेला तो रोज दिसतो.

८. विद्यमान संरक्षण आणि त्यातील उणीव

महाराष्ट्राने केंद्राचा वैद्यकीय आस्थापना कायदा, २०१० स्वीकारलेला नाही. येथे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू आहे. जानेवारी २०२१ मध्ये त्याखालील नियमांत सुधारणा होऊन दरपत्रक व रुग्णहक्क संहिता दर्शनी भागात लावणे, विशिष्ट दुकानातूनच औषध घेण्याची सक्ती न करणे, देयकासाठी मृतदेह अडवून न ठेवणे आणि तक्रार निवारणाची व्यवस्था करणे या बाबी समाविष्ट झाल्या. शहरात महापालिका व ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सक यांच्याकडे अंमलबजावणीची जबाबदारी आहे.

कोविडकाळात या विषयाची निकड नाशिककरांनी अनुभवली. राज्य शासनाने मे २०२० मध्ये खासगी रुग्णालयांचे दर निश्चित केले; विलगीकरण कक्षासाठी दररोज ४,०००, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये अशी ती कमाल मर्यादा होती. तरीही मे २०२१ मध्ये अनामत रकमेच्या परताव्यासाठी शहरातील एका खासगी रुग्णालयात कपडे उतरवून आंदोलन करण्याची वेळ कार्यकर्त्यांवर आली.

या सर्व तरतुदींत तक्रारदार म्हणून रुग्ण वा नातेवाईक कल्पिलेला आहे. आतून माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याचा विचार त्यांत नाही. जागल्यांना संरक्षण देण्यासाठी संसदेने २०१४ मध्ये केलेला कायदाही लोकसेवकांच्या गैरवर्तनापुरता आहे. खासगी रुग्णालयातील परिचारिकेला त्याचा उपयोग नाही. कट प्रॅक्टिसला आळा घालण्यासाठी राज्यात २०१७ मध्ये प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखालील समितीने विधेयकाचा मसुदा तयार केला होता. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. गैरप्रकार ज्यांना सर्वांत आधी दिसतात, त्यांनाच बोलण्याचे सर्वांत कमी संरक्षण आहे.

९. व्यवहार्य मार्ग आणि सूचना

परिचारिकेने पहिल्याच दिवशी उघड संघर्ष करावा असे सुचविणे व्यवहार्य नाही. तिच्या आवाक्यातील काही गोष्टी मात्र निश्चित आहेत. स्वतः न केलेल्या वा न पाहिलेल्या कृतीची नोंद न करणे; तोंडी सूचना वेळेसह लिहून ठेवून नंतर डॉक्टरांची स्वाक्षरी घेणे; संमतिपत्रापूर्वी रुग्णास समजले काय हे त्याच्या भाषेत विचारणे आणि समजले नसल्यास डॉक्टरांना परत बोलावणे; शंका आरोपाच्या नव्हे तर प्रश्नाच्या स्वरूपात मांडणे. ‘सर, हे औषध सकाळीच दिले आहे, पुन्हा द्यायचे का?’ या एका प्रश्नात चूक टाळण्याचे व साक्ष ठेवण्याचे सामर्थ्य आहे. आपल्या नोंदणीचा वापर अप्रशिक्षितांच्या कामावर पांघरूण म्हणून होत असेल, तर मात्र तडजोडीस जागा राहत नाही.

संस्थात्मक पातळीवर पुढील उपाय विचारात घ्यावेत :

(१) शुश्रूषागृहाच्या नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी पात्र परिचारिकांची नावे व नोंदणी क्रमांक पडताळून ते दर्शनी भागात लावणे बंधनकारक करावे.

(२) तक्रार निवारण यंत्रणेत कर्मचाऱ्यांच्या गोपनीय तक्रारीस स्थान द्यावे आणि तक्रारदारास कामावरून काढण्यास मनाई असावी.

(३) २०१६ च्या समितीच्या वेतनविषयक शिफारशींना राज्याने नियमांचे रूप द्यावे व मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्यास दंडनीय ठरवावे.

(४) आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परिचर्या अभ्यासक्रमात नीतिशास्त्र व्याख्यांच्या पाठांतरापुरते न ठेवता प्रसंगाधारित शिकवावे. बिल, संमती व तोंडी आदेश हे विषय त्यात असावेत.

(५) राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग अधिनियम, २०२३ च्या अनुषंगाने परिचारिकेच्या कार्यकक्षेची लेखी व्याख्या व्हावी. जबाबदारी वाढवायची असल्यास अधिकार व संरक्षण सोबतच वाढावे.

१०. निष्कर्ष

नफाकेंद्रित रुग्णालयातील परिचारिकेचा प्रश्न हा तिच्या वैयक्तिक सद्सद्विवेकापुरता मर्यादित नाही. तिच्याकडे माहिती आहे पण अधिकार नाही, जबाबदारी आहे पण संरक्षण नाही, आणि कायद्याने शिक्षेची मर्यादा मात्र तिच्यासाठी अधिक ठेवली आहे. ही विषमता कायम राखून तिच्याकडून धैर्याची अपेक्षा करणे म्हणजे व्यवस्थेचे काम व्यक्तीवर ढकलणे होय. त्याच वेळी, रुग्णाच्या कागदावरील तिची स्वाक्षरी ही तिची स्वतःची असते आणि ती खरी ठेवणे हे तिच्या हाती असलेले सर्वांत मोठे साधन आहे. हे साधन वापरल्याबद्दल तिची नोकरी जाणार नाही, एवढी हमी शासन, विद्यापीठ आणि व्यावसायिक परिषदा यांनी दिली, तरी खासगी रुग्णालयांतील रुग्णाची सुरक्षितता लक्षणीयरीत्या वाढेल.